नान्नजचा माळढोक: अभयारण्य होतं, शेतकरी सोबत नव्हता

रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने 1809 ते 1829 या काळात अहमदनगरच्या मुलखात 961 माळढोक पक्षी मारले, अशी नोंद आहे. एकट्याने. आज देशभरच्या माळांवर आणि वाळवंटात उरलेले सगळे माळढोक मोजले तरी त्या आकड्याचा पाव हिस्साही भरत नाही.

त्याच मुलखात, दीडशे वर्षांनी, महाराष्ट्र सरकारने माळढोकासाठी अभयारण्य जाहीर केलं. साल 1979, क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर. देशातल्या सगळ्यांत मोठ्या अभयारण्यांत त्याचं नाव घेतलं जाई. सोलापूर जिल्ह्यातले उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा अशा सात तालुक्यांत ते पसरलं होतं. पक्ष्यांचं मुख्य ठिकाण म्हणजे सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवरचं नान्नज. आता तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते, आणि तोही एकटादुकटा असतो.

शिकारीवर बंदी होती, कायदा कडक होता, क्षेत्र तर अवाढव्य. तरीही पक्षी गेला. दुसरीकडे जैसलमेरजवळ याच पक्ष्याची पिल्लं आता बंदिवासात जन्माला येताहेत. नान्नजचं काय बिनसलं ते नीट पाहिलं नाही, तर ती पिल्लं मोठी झाल्यावर त्यांना सोडायचं कुठे, हा प्रश्न महाराष्ट्रापुरता तरी अनुत्तरितच राहील.

माळ आणि रान

माळढोक मीटरभर उंच असतो. नराचं वजन बारा-चौदा किलोंपर्यंत जातं, आणि तरीही तो उडतो. पावसाळा लागला की नर माळावरचा एखादा उंचवटा धरतो, शेपटीची पिसं पाठीवर उलटी टाकतो, गळ्याची पिशवी हवेने इतकी फुगवतो की ती पांढऱ्या झोळीसारखी पायांपर्यंत लोंबते, आणि मग खोल घुमारा काढतो. शांत सकाळी तो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू येतो. मादी येते आणि जाते. पुढचा सगळा संसार तिचा एकटीचा: उघड्या जमिनीवर घातलेलं एकच अंडं, जवळपास चार आठवडे उबवणं, आणि नंतर वर्षभर पिल्लाला मागे घेऊन हिंडणं.

वर्षाला एक अंडं, तेही कुत्रं, कोल्हा, घोरपड, कावळा यांच्या तावडीतून वाचलं तर. असा पक्षी टिकतो तो फक्त मोठे पक्षी दीर्घकाळ जगतात म्हणून. पिल्लं कमी झाली तरी काही वर्षं निभावतं. पण वयात आलेल्या माद्या मरू लागल्या की सगळा हिशेब कोसळतो. पुढे विजेच्या तारांचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवावं लागेल.

आता त्याच्या राहण्याविषयी. माळढोक गवताळ माळाचा पक्षी हे खरं, पण नुसत्या गवतावर त्याचं भागत नाही. नर नाचतो तो माळावर, मादी अंडं घालते ती बहुतेक विरळ गवतात. चरायला मात्र दोघंही आजूबाजूच्या जिरायती रानात उतरतात. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरं, हरभरा, भुईमूग, ज्वारी, सगळं चालतं. सोलापूरचा पट्टा रब्बी ज्वारीचा. इथला कोरडवाहू शेतकरी मृगाच्या पावसात घाई करत नाही. कुळवाच्या पाळ्या घालत रान मोकळं ठेवतो, ओल जिरवतो आणि पेरणी करतो ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणजे माळढोकाचा विणीचा हंगाम आणि शेतातली शांतता एकाच वेळी. ही जुळणी कुणी आखली नव्हती. पाऊस कमी, जमीन भारी, म्हणून ज्वारी रब्बीत; आणि ज्वारी रब्बीत म्हणून पावसाळ्यात पक्ष्याला मोकळं रान.

सत्तरच्या दशकात अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमातून नान्नज, मार्डी, कारंबा या भागात गवताचे गट राखले गेले. चराई थांबली, पवन्या-मारवेलीसारखं गवत उभं राहिलं आणि पक्षी तिथे जमू लागले. सोलापूरच्या पक्षीमित्रांनी ते टिपलं, वनखात्याच्या नजरेला आणलं. ऐंशीच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने पक्षिशास्त्रज्ञ असद रहमानी यांच्या पुढाकाराने देशातल्या माळढोकांचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा मध्य प्रदेशातलं करेरा, आंध्रातलं रोल्लापाडू यांच्याबरोबर नान्नजचं नाव आघाडीला होतं. राखलेले गट आकाराने लहान होते, काही शे हेक्टरांचे. पण त्यांच्याभोवती हजारो हेक्टर ज्वारीचं रान होतं. पक्ष्याला सांभाळत होतं ते हे दुसरं रान, आणि त्याचा मालक होता शेतकरी.

नकाशावरची रेघ

8,496 चौरस किलोमीटरची रेघ ओढणाऱ्यांच्या मनात हेच असावं: पक्षी दूरवर फिरतो, शेतात चरतो, तर शेतंही हद्दीत घ्या. जीवशास्त्र म्हणून विचार चुकीचा नव्हता. पण हत्यार भलतंच निवडलं. अभयारण्य हे वन्यजीव कायद्यातलं जे कलम आहे ते जंगलासाठी बनलेलं. माणसाचे हक्क आधी तपासायचे, मिटवायचे किंवा बाजूला काढायचे, मग वन्यजीवांना जागा द्यायची, असा त्याचा रोख. या हद्दीत तर शेकडो गावं होती, आठवडी बाजार होते, एसटी स्टँड होते, रेल्वेचे रूळ होते. सरकारी वनजमीन त्यात अगदी थोडी आणि तीही तुकड्यातुकड्यांत. उरलेली जमीन लोकांच्या नावावरची.

सुरुवातीला कुणाला फारसं काही जाणवलं नाही. कायदा कागदावर होता, शेती चालू होती. नव्वदच्या दशकात कायद्यात दुरुस्त्या झाल्या, न्यायालयांनी अभयारण्यांबाबत कडक धोरण घेतलं, आणि हद्दीत असण्याचा अर्थ लोकांना कळू लागला. जमीन विकायची तर अडचण. बिगरशेती करायची तर अडचण. रस्ता, कारखाना, एमआयडीसी, कालव्याचं काम, सगळ्याला परवानगीची साखळी. ज्याने आयुष्यात माळढोक पाहिला नाही, ज्याच्या गावापासून नान्नज दोनशे किलोमीटरवर, अशा नेवाशाच्या शेतकऱ्यालासुद्धा मुलीच्या लग्नासाठी एकर विकताना या पक्ष्याचं नाव ऐकावं लागलं. सुक्याबरोबर ओलंही जळालं म्हणतात तसं.

पक्ष्याविषयीचं मत इथे फिरलं. तोवर माळढोक हा शेतकऱ्याच्या लेखी निरुपद्रवी होता. पिकाची नासधूस करत नाही, उलट नाकतोडे-किडे वेचतो. हरणांसारखा कळपाने येत नाही. त्याचा राग यावा असं त्याने काहीच केलं नव्हतं. राग आला तो त्याच्या नावाने येणाऱ्या पत्रांचा. सोलापूर-नगर भागातल्या निवडणुकांत माळढोक अभयारण्याची हद्द कमी करू, हे आश्वासन वर्षानुवर्षं दिलं गेलं. एका पक्ष्याचं नाव जाहीर सभेत अडथळा म्हणून घेतलं जाऊ लागलं.

तीसेक वर्षं गेल्यावर हद्द नव्याने आखून क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. सात हजारांहून जास्त चौरस किलोमीटर वगळले. निर्णय योग्यच होता, पण फार उशिरा झाला. तोपर्यंत पक्षीही गेले होते आणि लोकांचं मनही.

हा सोलापूरचाच अनुभव असता तर स्थानिक राजकारणाला दोष देऊन मोकळं होता आलं असतं. पण करेऱ्याला तेच झालं. शिवपुरी जिल्ह्यात 1981 साली करेरा अभयारण्य झालं, सुरुवातीला पक्षी वाढले, मग जमिनीच्या व्यवहारांवर आलेली बंधनं आणि काळविटांनी केलेलं पिकांचं नुकसान यावरून लोक संतापले, आणि नव्वदच्या दशकात करेऱ्याचा माळढोक संपला. अभयारण्य मात्र पुढेही कितीतरी वर्षं पक्ष्याविना चालू राहिलं. काळविटांचं गाऱ्हाणं नान्नजलाही आहे. माळ राखला की काळवीट वाढतात, ते रात्री ज्वारीत आणि हरभऱ्यात शिरतात, आणि भरपाईचा अर्ज, पंचनामा, फोटो या खटाटोपात शेतकऱ्याच्या नाकी नऊ येतात. माळढोकाच्या खात्यावर मग हेही कर्ज चढतं.

ऊस, द्राक्षं आणि झाडं

अभयारण्याच्या बंधनांनी लोक दुरावले. पण पक्ष्याचं घर मोडलं ते दुसऱ्याच गोष्टींनी, आणि गंमत अशी की त्या गोष्टींना अभयारण्याच्या कायद्याने अडवलंच नाही.

उजनी धरण 1980 च्या सुमारास पूर्ण झालं. कालव्याचं पाणी आलं, मागोमाग विहिरी, बोअर, शेततळी. सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात पुढे गेला. उसाच्या उभ्या फडात माळढोक राहू शकत नाही. त्याला चहूबाजूंनी दिसायला हवं, धावून उडायला जागा हवी. नान्नजची स्वतःची ओळखही बदलली. द्राक्ष बागायतदारांत हे गाव माळढोकासाठी नव्हे तर नानासाहेब काळे यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. सोनाका आणि शरद सीडलेस या जाती त्यांनी इथल्या बागेत निवडून काढल्या आणि राज्यभर पोचवल्या. ज्या गावाने कोरडवाहू जमिनीतून असं सोनं काढलं, त्या गावाला ज्वारीच पेरत राहा असं सांगणार कोण आणि कशाच्या बळावर? द्राक्षाची बाग म्हणजे खांब, तारा, मांडव, वर्षभर माणसांचा वावर. माळढोकाच्या दृष्टीने ती जमीन गेलीच.

दुसरं नुकसान सरकारनेच केलं, चांगल्या हेतूने. आपल्याकडे माळ म्हणजे पडीक जमीन अशी सरकारी दप्तरात जुनी समजूत. पडीक म्हणून झाडं लावायची. गवताच्या गटांत ग्लिरिसिडिया, सुबाभूळ यांच्या रांगा उभ्या राहिल्या. आकडेवारीत वनीकरण वाढलं. माळढोकाला मात्र झाड म्हणजे कावळ्याची, गरुडाची बसायची जागा, आणि नजरेआड लपलेला शत्रू. पुढे अभ्यासकांनी पाठपुरावा केल्यावर काही ठिकाणची झाडं काढली गेली. पण दरवर्षी पावसाळ्यात माळावर वृक्षारोपण करून फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना अजूनही कुणी थांबवत नाही. माळ हे स्वतः एक परिपूर्ण रान आहे, तिथे धाविक, चंडोल, भोवत्या, लांडगा, खोकड यांचा संसार आहे, हे शाळेच्या पुस्तकातही धड सांगितलेलं नसतं.

थरच्या वाळवंटात

1969 साली देशात सुमारे 1,260 माळढोक असल्याचा अंदाज होता. 2011 पर्यंत तो 250 वर आला आणि त्याच वर्षी जागतिक यादीत पक्षी अतिसंकटग्रस्त ठरला. 2018 च्या सुमारास दीडशेच्या आसपास, आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. गुजरातेत कच्छच्या नालियाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्या, नर नाही. कर्नाटकात बळ्ळारीकडे, महाराष्ट्रात नान्नज आणि चंद्रपूरच्या वरोऱ्याकडे अगदी मोजके.

जैसलमेरला असं काय वेगळं होतं? बिश्नोई समाजाचं हरणांवरचं आणि पक्ष्यांवरचं प्रेम हे उत्तर सगळे देतात आणि त्यात तथ्य आहे. देवाच्या नावाने राखलेली ओरणं, म्हणजे आपल्याकडच्या देवरायांच्या धाटणीची सामाईक कुरणं, तिथे अजून जिवंत आहेत. देगराय मातेच्या ओरणासाठी गावकरी विजेच्या कंपन्यांशी भांडत आले आहेत. 1978 च्या सुमारास अरब राजपुत्र तिथे माळढोकाच्याच कुळातल्या तिलोर पक्ष्याच्या शिकारीला आले तेव्हा राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले आणि 1980 मध्ये जयपूरला या पक्षिकुळावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. लोकमताने पक्ष्याची बाजू घेतल्याचं आपल्या देशातलं हे अगदी सुरुवातीचं उदाहरण.

पण सगळं श्रेय श्रद्धेला देऊ नये. माझ्या मते थरमध्ये माळढोक टिकला याचं मोठं कारण म्हणजे ती जमीन बराच काळ कुणाला नकोच होती. पाणी नाही, ऊस नाही, कारखाना नाही. पोखरणच्या लष्करी सराव क्षेत्रात तर तोफा धडाडतात, पण नांगर फिरत नाही आणि कुत्री घेऊन फिरणारा माणूसही आत शिरत नाही. माळढोक तिथे सुखाने राहतो. 3,162 चौरस किलोमीटरच्या डेझर्ट नॅशनल पार्कमधल्या गावांची गाऱ्हाणी ऐकलीत तर ती थेट माढा-करमाळ्याची वाटतील: रस्ता नाही, वीज नाही, परवानगी नाही. फरक इतकाच की तिथे जमिनीला भाव नव्हता. आता सूर्य आणि वारा विकत घेणारे आले, आणि भाव आला.

तारा

माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. दोन्हीकडचं त्याला छान दिसतं, समोरचं कमी. त्यात तो उडताना जमीन न्याहाळतो, आणि बारा किलोंचं अंग ऐनवेळी वळवता येत नाही. आकाशात आडवी टांगलेली तार त्याला दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या थरमध्ये वर्षाला 18 च्या आसपास माळढोक तारांवर आदळून मरतात. दीडशे पक्ष्यांतले अठरा, आणि तेही मोठे, विणीचे. वर्षाला एक अंडं देणाऱ्या पक्ष्याला हा खड्डा भरून काढता येत नाही. विजेचं संकट एवढ्यावरच थांबत नाही. याच संस्थेने डेझर्ट नॅशनल पार्कच्या परिसरातल्या 4,200 चौरस किलोमीटरमध्ये सगळ्या जातींचे मिळून वर्षाला 84,000 पक्षी तारांवर मरत असल्याचा अंदाज काढला होता.

वन्यजीव कायदा ज्यांच्या हातून आकाराला आला ते एम. के. रणजितसिंह आणि इतरांनी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. एप्रिल 2021 मध्ये न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातल्या कमी दाबाच्या तारा जमिनीखाली घालायला, उच्च दाबाच्या शक्य तिथे घालायला, आणि बाकीच्यांवर पक्ष्यांना इशारा देणाऱ्या चकत्या लावायला सांगितलं. आदेशाची व्याप्ती सुमारे 99,000 चौरस किलोमीटर. सरकार म्हणालं, एवढ्या टापूत हे शक्य नाही. देशातला सौर आणि पवन ऊर्जेचा मोठा हिस्सा इथेच आहे. मार्च 2024 मध्ये न्यायालयाने सरसकट आदेश मागे घेतला, तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्कही मान्य केला.

या प्रकरणात मला सोलापूरचाच जुना घाट दिसतो. नकाशावर प्रचंड क्षेत्र रंगवायचं, सगळ्यांना एकदम सामोरं जायचं, मग विरोध झाला की बरंच काही सोडून द्यायचं. पक्षी कुठून कुठे रोज उडतो ते ठाऊक असताना त्या मोजक्या मार्गांवरच्या तारा पहिल्याच वर्षी जमिनीखाली गेल्या असत्या, तर 99,000 चौरस किलोमीटरच्या वादापेक्षा जास्त पक्षी वाचले असते असं मला वाटतं. चकत्यांचं म्हणाल तर त्या काही प्रमाणात उपयोगी पडतात. पण वाऱ्याने गळतात, झिजतात, आणि अंधारात उडणाऱ्या पक्ष्याला त्यांचा फारसा आधार नाही.

सम आणि रामदेवरा

बंदिवासातली पैदास हा या गोष्टीतला यशाचा भाग, आणि त्यातलं कौतुक कौतुकाच्याच ठिकाणी करायला हवं.

केंद्र सरकारने 2016 मध्ये या कामासाठी 33 कोटींहून अधिक रुपये सात वर्षांसाठी मंजूर केले. 2018 मध्ये केंद्र, राजस्थान सरकार आणि भारतीय वन्यजीव संस्था यांच्यात करार झाला आणि 2019 च्या उन्हाळ्यात जैसलमेरजवळ सम इथे काम सुरू झालं. रानातून अंडी उचलायची, यंत्रात उबवायची, पिल्लं हाताने वाढवायची. अंडी उचलली म्हणजे रानातली वीण बुडाली असं नाही; अंडं लवकर गेलं तर मादी बऱ्याचदा दुसरं घालते. आणि जमिनीवरच्या अंड्यांपैकी कितीतरी कुत्र्या-कोल्ह्यांच्या तोंडी जातातच. पुढे रामदेवऱ्याला दुसरं, मोठं केंद्र झालं.

तंत्र आलं अबुधाबीहून. तिथल्या आंतरराष्ट्रीय तिलोर संवर्धन निधीने माळढोकाच्या भावकीतल्या तिलोर पक्ष्याची हजारोंनी पैदास करण्याची हातोटी मिळवली आहे. का, तर ससाण्यांकडून तिलोराची शिकार हा आखातातला राजेशाही छंद, आणि शिकार चालू ठेवायची तर पक्षी हवेत. ज्या छंदाविरुद्ध 1978 मध्ये राजस्थान पेटलं, त्याच छंदाच्या पोटी जन्मलेलं ज्ञान आज राजस्थानात माळढोक वाचवतंय. संवर्धनाच्या इतिहासात असे चमत्कारिक सोयरेसंबंध पुष्कळ सापडतात.

हाताने वाढवलेल्या पिल्लाची एक अडचण असते. डोळे उघडल्यापासून ते माणूस बघतं आणि माणसालाच आपल्यातला समजतं. असा नर वयात आला की मादीकडे पाहत नाही, रोज खाऊ घालणाऱ्या माणसापुढे शेपूट उलटी टाकून नाचतो. सम आणि रामदेवऱ्याच्या मंडळींनी ही अडचणच कामाला लावली. रामदेवऱ्याच्या सुदा नावाच्या नराला मादीच्या प्रतिकृतीशी मीलन करायची सवय लावली. चित्र थोडं हास्यास्पद वाटेल: पडद्याआडून माणूस पुढे सरकवतोय ती नकली मादी, आणि तिच्याभोवती गळा फुगवून फिरणारा दहा-बारा किलोंचा नवरदेव. पण असं रोज, महिनोन्‌महिने, न कंटाळता केलं तेव्हा कुठे वीर्य मिळालं. ते दीडशेहून अधिक किलोमीटरवरच्या समला नेऊन टोनी नावाच्या मादीत सप्टेंबर 2024 मध्ये कृत्रिम रेतन केलं, आणि ऑक्टोबरात पिल्लू बाहेर आलं. माळढोकात असं प्रथमच घडलं. त्याआधी 2023 मध्ये केंद्रातच वाढलेल्या जोडीचं पिल्लू नैसर्गिक मीलनातून जन्मलं होतं. 2025 मध्ये दोन्ही केंद्रांतल्या पक्ष्यांची संख्या साठच्या पुढे गेली.

कृत्रिम रेतनाचा फायदा नुसता पिल्लांच्या आकड्यापुरता नाही. साठ पक्षी म्हणजे मोजक्याच माद्यांच्या अंड्यांतून आलेली प्रजा. कोणत्या नराचं बीज कोणत्या मादीला द्यायचं हे ठरवता आलं तर जवळच्या नात्यात वीण होण्याचा धोका टळतो. रानात जीवच दीडशे उरलेत, तेव्हा हे सोयरीक जुळवणं फार मोलाचं.

मात्र हे पक्षी म्हणजे अजून विमा आहे. रानात सोडायचे ते हाताने वाढवलेले चालणार नाहीत; माणसाशी कमीत कमी संबंध येईल अशा रीतीने वाढवलेली पुढची पिढी लागेल, तिला कुत्र्याला घाबरायला शिकवावं लागेल, नाकतोडा स्वतः पकडायला शिकवावं लागेल. आणि मग तिला सोडायचं ते अशा माळावर, जिथे तार नाही.

सोलापूरला पक्षी आणायचे तर

पहिली सोडणूक राजस्थानात होईल हे उघड आहे आणि तसंच व्हायला हवं. महाराष्ट्राची पाळी आली तर ती बऱ्याच वर्षांनी. तो वेळ रिकामा घालवायचा की वापरायचा, एवढंच आपल्या हाती आहे.

अभयारण्याची हद्द पुन्हा वाढवा, असं मी म्हणणार नाही. हद्दीचा विषय काढला की सोलापुरात आजही संभाषण तिथेच संपतं. त्यापेक्षा नान्नज, मार्डी, कारंबा, गंगेवाडी इथले गवताचे गट जिथे आहेत तिथे नीट राखावेत, उरलीसुरली ग्लिरिसिडिया मुळासकट काढावी, गवत कापायचं कधी आणि गुरं सोडायची कधी हे गावाच्या गुराख्यांना विचारून ठरवावं. चराई पूर्ण बंद केली की गवत दाटतं आणि शेणातले किडे जातात; माळढोकाला दोन्ही नको. धनगरांचे वाडे शतकानुशतकं या माळांवर बसत आले आहेत, त्यांना हुसकावून माळ सुधारल्याचं उदाहरण मला माहीत नाही.

गटांच्या भोवतालची शेतं हा खरा तिढा. ज्याच्याकडे पाणी आहे तो ऊस किंवा द्राक्ष सोडणार नाही, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पण पाणी न पोचलेली जमीन अजून पुष्कळ आहे, आणि तिथला शेतकरी ज्वारी, तूर, हरभराच पेरतो. त्याच्याशी हंगामाचा करार करावा: गटाला लागून असलेलं रान पावसाळ्यात मोकळं ठेवा, तारेचं कुंपण घालू नका, कीटकनाशक फवारू नका, आणि त्याबद्दल एकरी ठरलेली रक्कम थेट खात्यावर घ्या. जमिनीच्या मालकीला हात नाही, विक्रीला अडकाठी नाही, करार दरवर्षी नवा. मोडायचा तर मोडा, पैसे बंद. वन्यजीवासाठी जमीन भाड्याने घ्यायची ही कल्पना आपल्या वनखात्याला परकी वाटेल. पण 33 कोटींत अंडी उबवता येतात, तर त्याच्या लहानशा वाट्यात काही हजार एकर जिरायत नक्की सांभाळता येईल.

काळविटांच्या नुकसानीची भरपाई याच शेतकऱ्याला पेरणीच्या पुढच्या हंगामाआधी मिळाली पाहिजे. ही साधी गोष्ट झाली तर बाकीच्या चर्चेला लोक बसतील. पुणे जिल्ह्यात इंदापूरकडच्या कडबनवाडीला वनखात्याने गवताळ सफारी सुरू केली आहे, स्थानिक मुलं लांडगा आणि चिंकारा दाखवतात, गावाला चार पैसे मिळतात. नान्नजला तसं काही व्हावं, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. सफारीचे पैसे गाडीवाल्याला आणि वाटाड्याला मिळतात. ज्याच्या हरभऱ्यात काळवीट शिरलं, त्याला त्यातलं काही मिळतंच असं नाही.

गटांभोवतीच्या विजेच्या तारा जमिनीखाली घालण्याचं काम पक्षी येण्याआधी व्हायला हवं. ते थरच्या मानाने फारच छोटं आहे, कारण टापू लहान आणि गावोगावच्या तारा कमी दाबाच्या. गावच्या कुत्र्यांची नसबंदी तर माळढोक येवो न येवो, कोंबड्या आणि शेरडं पाळणाऱ्यांनाही हवीच आहे.

यातल्या एकाही कामाला नवा कायदा लागत नाही. वनखातं, महावितरण, कृषी विभाग आणि गटांच्या शेजारच्या दहा-बारा ग्रामपंचायती एका टेबलाशी बसाव्या लागतील, आणि पहिल्या बैठकीत माळढोकाविषयी बोलण्याआधी 1979 पासूनची गाऱ्हाणी ऐकून घ्यावी लागतील. त्यात दोन-तीन बैठका जातील. जाऊ द्याव्यात.